काय दिसलं?

आमच्या शिकारी मंडळाची एक जुनी रीत आहे. ज्याने चाप ओढला त्याने रिकामं काडतूस डोंगराच्या देवीच्या दगडावर ठेवायचं. मग मंडळाचा प्रमुख विचारतो, "काय दिसलं?" आणि जे दिसलं ते सांगायचं. डुक्कर दिसलं तर डुक्कर, हरीण दिसलं तर हरीण, नुसतीच फांदी हलली आणि हात शिवशिवला असेल तर तेही. नेम लागला की चुकला ही गोष्ट नंतरची. देवीपुढे आधी डोळ्यांनी काय पाहिलं ते बोलायचं, आणि खरं बोलायचं.

ही देवी म्हणजे अवघड बाई आहे. दिसायला कुरूप, त्यात मत्सरी. आमचे प्रमुख कुबोता-सान वाळवलेला ओकोझे मासा कागदात गुंडाळून आणतात आणि तिला त्याचं नुसतं काटेरी डोकं दाखवतात. आपल्याहून कुरूप कोणीतरी आहे हे बघून ती खूश होते आणि डुकरं सोडते म्हणे. बायका मात्र तिला मुळीच खपत नाहीत. मी मंडळात आले तेव्हा यावरून बरीच कुरकुर झाली. मात्सुझो काकांनी ती हसण्यावारी नेली. "मिसाओला बघून बाई रागावणार हे खरं," ते म्हणाले, "पण मागोमाग माझं थोबाड दाखवा. राग कुठल्या कुठे जाईल."

माझ्यासाठी खरं भांडले ते बाबा. बाबा म्हणजे माझे सासरे, तोकुजिरो. माझा नवरा तात्सुया वादळात रस्ता खचला तेव्हा गाडीसकट दरीत गेला. त्यानंतर युझूची, म्हणजे लिंबासारख्या आंबट फळांची बाग, बागेतली हरणं आणि बाबा असं सगळं माझ्या वाट्याला आलं. हरणं झाडांची साल सोलून खातात. एका हिवाळ्यात झाडांची अख्खी रांग वाळली तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, मीच बंदुकीचा परवाना काढते. गाव हसलं. बाबा हसले नाहीत. मंडळाच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "तिला घेणार नसाल तर मीही येत नाही. मग तिसऱ्या नाक्यावर कोण उभं राहतं ते तुमचं तुम्ही बघा." तिसरा नाका म्हणजे ओढ्याच्या वरची अरुंद जागा. कुत्र्यांनी उठवलेलं जनावर हमखास तिथूनच निसटायला बघतं. तिथे बाबांखेरीज दुसरं कोणी उभं राहिलेलं आमच्यापैकी कोणाला आठवत नव्हतं. बैठक गप्प झाली आणि मी मंडळात आले.

आता त्या रविवारचं सांगते.

जानेवारीचा हाका होता. मात्सुझो काका नेहमीप्रमाणे कुत्रे घेऊन खालून ओरडत वर येत होते आणि आम्ही आपापल्या नाक्यांवर दबा धरून होतो. तिसऱ्या नाक्यावरून एकच बार झाला. मग वॉकी-टॉकीवर मात्सुझो काकांचा आवाज आला, "अरे, मला कोण मारतंय रे?" शब्द चेष्टेचे होते, पण आवाज त्यांचा वाटत नव्हता. गोळी त्यांच्या डोक्याशेजारच्या देवदाराच्या खोडात घुसली होती. सालीची एक ढलपी उडून त्यांच्या गालात रुतली होती.

खाली शेडमध्ये, जिथे आम्ही शिकार सोलतो आणि जिथे कोपऱ्यात देवीचा दगड आहे, तिथे सगळे जमले. मात्सुझो काका गालाला रुमाल लावून बसले होते. बाबांनी काडतूस दगडावर ठेवलं. कुबोता-सान म्हणाले, "काय दिसलं?"

"डुक्कर दिसलं," बाबा म्हणाले. "नेम बरोबर होता. दुर्बीण सरकली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती दुर्बीण मी बसवली होती.

लग्नाआधी मी चष्म्याच्या फ्रेम बनवणाऱ्या कारखान्यात होते. दिवसभर तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू आवळायचे, हेच काम. त्यामुळे मंडळात कोणाच्याही बंदुकीवर दुर्बीण बसवायची असली की लोक माझ्याकडे येतात. आमच्याकडे कायदा असा, की ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच हातात बंदूक. बायकोने नवऱ्याची बंदूक नुसती उचलून कपाटात ठेवली तरी गुन्हा. म्हणून बसवताना मालक बंदूक मांडीवर घेऊन बसतो आणि मी फक्त दुर्बिणीला आणि स्क्रूंना हात लावते. कायद्याचा मान राखायचा हा आमचा मार्ग आहे, आणि पोलिसांनी आजवर त्यावर काही विचारलेलं नाही.

बाबांची बंदूक एकनळी, एक अख्खी जड गोळी मारणारी. तिचा धक्का असा, की आळसाने बसवलेली दुर्बीण दहा-बारा बारांत खिळखिळी होते. शरद ऋतूत एक दिवस बाबा मला म्हणाले, "मिसाओ, माझ्या बंदुकीवरपण दुर्बीण बसव." मला नवलच वाटलं. दुर्बिणीला ते म्हातारचळ म्हणायचे. साध्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या त्या बारीक मण्यावर, जन्मभर नेम धरलेला माणूस. "हल्ली जनावरं लांबच उभी राहतात," ते म्हणाले.

मी पडवीत चटई टाकली. बाबा बंदूक मांडीवर घेऊन बसले. दुर्बिणीखाली जी लोखंडी पट्टी लागते तिच्या स्क्रूंवरचं तेल मी स्पिरिटने पुसून काढलं, कारण तेलकट स्क्रू आवळल्यासारखा वाटतो आणि मग फसवतो. प्रत्येक पेचाला गोंदाचा एक थेंब दिला. पट्टी पुढे दाबून धरली, म्हणजे धक्क्याने ती आणखी सरकायला जागा राहू नये. एक स्क्रू थोडा, मग तिरक्या बाजूचा थोडा, असं करत सगळे सारखे आवळले. दुर्बीण कड्यांत बसवली, बाबांनी बंदूक खांद्याला लावून भुवईपासूनचं अंतर ठरवलं, आतली नेम धरायची फुली सरळ केली, आणि तेही स्क्रू गोंद देऊन आवळले. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. ते नेलपॉलिश तात्सुयाने कधीतरी आणलं होतं. नखांना लावायला मला मुहूर्त कधी मिळाला नाही.

"झालं," मी म्हटलं. "आता बंदूक मोडेल, पण ही हलणार नाही."

"छान," बाबा माझ्या कानाकडे बघत म्हणाले.

ही त्यांना वर्षभरापासून लागलेली खोड होती. बोलताना माझ्याकडे बघायचे नाहीत, कानाकडे बघायचे. मला वाटायचं, कशाचा तरी राग आहे. एकदा मी वैतागून विचारलं होतं, "बाबा, माझ्या कानात काही अडकलंय का?" ते म्हणाले, "नाही गं. छान आहे कान."

तर आता शेडमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. कोणीतरी मागून म्हणालं, "बायकांच्या हाताला जोर तो कितीसा असणार." दुसरा म्हणाला, "देवीने आधीच सांगितलं होतं, आपणच ऐकलं नाही." मला एवढा संताप आला, की तोंड उघडलं असतं तर देवीचाही उद्धार केला असता. कुबोता-सानांनी हात वर केला. "पुढच्या रविवारपर्यंत दुर्बीण तपासा. काय निघतं ते इथे सांगा. मग मिसाओचं काय करायचं ते ठरवू."

"मिसाओचं काय करायचं" म्हणजे काय हे मला कळलं. घरी येताना गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी कंबरेची किल्ली चाचपत बसले होते. 

बंदुकीच्या कपाटाची किल्ली बाबांच्या कंबरेला असते. दोन दिवस त्यांनी कपाट उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत तांदळाची दोन पोती आडवी टाकली, त्यांत खळगा केला आणि म्हटलं, "बाबा, काढा बंदूक." त्यांनी काढली. नळीमागचा खटका मागे ओढून अख्खा बाहेर काढला, म्हणजे नळी आरपार मोकळी झाली, आणि बंदूक पोत्यांवर ठेवली. दस्त्यावर त्यांचा हात होताच.

मी वाकून आधी रेघा बघितल्या. पट्टीवरच्या सगळ्या, कड्यांवरच्या सगळ्या. एकही तुटली नव्हती. लाल रंग बसवला त्या दिवशी होता तसा, अखंड.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. पण बसवलेली दुर्बीण न हलताही बिघडलेली असू शकते, आतली फुली सरकू शकते, असं मी स्वतःला समजावलं. त्याची साधी परीक्षा आहे. मागून नळीत डोळा लावायचा, समोरचं काहीतरी नळीच्या बरोबर मध्ये आणायचं, आणि बंदूक न हलवता दुर्बिणीतून बघायचं. दोन्हीकडे तेच दिसलं पाहिजे. आम्ही यासाठी नेहमी दरीपलीकडच्या बंद शाळेचं घड्याळ धरायचो. गोल, पांढरं, पडवीतून सरळ समोर.

मी नळीतून बघितलं, बाबांना बंदूक जराशी डावीकडे घ्यायला लावली, आणि शाळेच्या भिंतीवरची तीच जागा मध्ये आली. मग दुर्बिणीतून बघितलं. फुली बरोबर तिथेच होती. सुतभरही फरक नव्हता. मी बाजूला झाले.

"तुम्ही बघा," मी म्हटलं.

बाबांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. "बरोबर आहे की," ते म्हणाले. "घड्याळाच्या मधोमध. काटे जिथे जुळतात तिथे."

 मी विचारलं, "किती वाजलेत त्यात?"

"ते कधीचं बंद पडलंय. दहा वाजून दहा मिनिटं."

"बाबा," मी म्हटलं, "घड्याळ नोव्हेंबरातच काढून नेलं ना. भिंतीवर नुसता गोल डाग उरलाय."

बाबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.  

"डागच आहे," शेवटी ते म्हणाले. "मला सगळीकडे डागच आहे."

मग त्यांनी सांगितलं. अगदी सरळ, हवामानाबद्दल बोलावं तसं. दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध एक करडा ठिपका आहे. कडेचं सगळं दिसतं; पायवाट दिसते, झाडं दिसतात, ताटात काय आहे ते दिसतं. पण ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं होतं. "जिथे बघतो तिथेच नसतं बघ. तुझा चेहरा बघायचा तर कानाकडे बघावं लागतं. मग चेहरा जरा येतो." दातांच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून ते शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात होते. डोळ्यात सुया टोचून घेत होते. दुर्बिणीने सगळं मोठं होईल आणि मोठं झालं की दिसेल, असं त्यांना वाटलं होतं. झालं मोठं. पण फुलीच्या मध्ये जे असायचं ते गेलेलंच.

चष्म्याच्या कारखान्यात काम केलेली मी, आणि माझ्याच घरात हे चाललं होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त येत होता.

"आणि तरी तुम्ही चाप ओढलात?"

"कडेला काहीतरी हललं. तपकिरी वाटलं. बंदूक वळवली आणि ते गेलं. पण ते तिथेच असणार हे मला माहीत होतं. इतकी वर्षं तिथे उभा राहतोय मी."

"तिथे मात्सुझो काका होते!"

"माहीत आहे ना मला!" बाबा ओरडले. ते माझ्यावर कधी ओरडत नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मिसाओ, एक काम कर. स्क्रू सैल होता असं सांग. एकच स्क्रू. हा हंगाम संपू दे, मग मीच जाऊन परवाना परत करतो. आंधळा झाला म्हणून काढला, असं नको. म्हातारा झाला, थांबला, असं होऊ दे."

"आणि रविवारी?"

"नुसता उभा राहीन. बार काढणार नाही."

"मागच्या रविवारी काय ठरवलं होतंत?"

बाबा पोत्यातला एक तांदूळ बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिले.

"हेच ठरवलं होतं," ते म्हणाले.

पुढचे दिवस मी बागेत छाटणी करत होते आणि डोक्यात तेच. खरं सांगितलं तर लोक काय म्हणणार ते मला तोंडपाठ होतं. सुनेने स्वतःची कातडी वाचवायला सासऱ्याला आंधळा ठरवलं. ज्याने हिला आत आणलं त्यालाच हिने बाहेर काढलं. खोटं सांगितलं तर माझं मंडळातलं स्थान जाणार. ते गेलं असतं तर जाऊ दे, हरणांसाठी मी कुंपण घातलं असतं. पण तिसऱ्या नाक्यासमोरून मात्सुझो काका चालत येतात. ते माझ्या लग्नात गायले होते. तात्सुयाला दरीतून वर आणणाऱ्यांतही तेच पुढे होते.

शेवटी मी एक मधला रस्ता काढला आणि त्यावर फार खूश झाले. स्क्रू सैल होता असं सांगायचं, दोष माझा म्हणायचं, आणि म्हणायचं, की आता ही बंदूक सरावाच्या मैदानावर नीट तपासल्याशिवाय वापरता येणार नाही. मैदान बर्फामुळे बंद होतं. ते उघडेपर्यंत हंगाम संपला असता. बाबांची लाज राहिली असती आणि मात्सुझो काकांचा जीवही. हा दुसरा भाग मी बाबांना सांगितला नाही. खोटं पटावं म्हणून स्क्रूचा पाना मात्र आठवणीने जॅकेटच्या खिशात टाकला.

रविवारी शेडमध्ये सगळे जमले. बाहेर कुत्रे दोऱ्या ताणत होते. मात्सुझो काकांच्या गालावर पट्टी होती. कुबोता-सानांनी मासा देवीला दाखवून परत गुंडाळला आणि मला विचारलं, "काय निघालं?"

"मागचा स्क्रू सैल होता," मी म्हटलं. "मीच कमी आवळला होता. माझी चूक."

वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. मागून कोणीतरी "बघ, म्हटलं नव्हतं?" असं पुटपुटलं. बाबा जमिनीकडे बघत होते. आणि मात्सुझो काका मोठ्याने हसले.

"सुटलो! मला वाटलं आपला तोकु चळला. आता याच्यापुढून जाताना डोक्यावर कढई बांधावी लागणार, असं बायकोला सांगून आलो होतो मी."

"बायको काय म्हणाली?" कोणीतरी विचारलं.

"म्हणाली, कढई घरी राहू दे, मला लागते."

सगळे हसले. मी घाईघाईने म्हटलं, "पण मैदानावर तपासल्याशिवाय ती बंदूक वापरायची नाही. मैदान उघडलं की मी..."

"कुठलं मैदान घेऊन बसलीस?" कुबोता-सान म्हणाले. "वरच्या रानात डुकरांनी सगळी जमीन उकरलेली आहे, सकाळी मी स्वतः बघून आलो. आज तिसरा नाका रिकामा ठेवू?"

"ओढ्यावर जनावर किती लांब असतं?" दुसरा कोणी म्हणाला. "हाताच्या अंतरावर. स्क्रू आवळा आणि चला."

"नाही, पण गोळी जर..."

"अगं मिसाओ," मात्सुझो काका म्हणाले, "गोळी खायची तर मला खायची आहे ना? मग मला चालतं. तोकु तिसऱ्यावर असला की मी निर्धास्त चालतो. नवा कोणी उभा केलात तर मी आजारी आहे असं समजा." आणि ते नारिंगी जाकीट चढवत कुत्र्यांकडे निघाले.

माझा मधला रस्ता असा कोसळला. आपण फार हुशार आहोत असं वाटतं तेव्हा माझं नेहमी असंच होतं. कुबोता-सान माझ्याकडे बघत होते. "पाना आहे का कोणाकडे?"

पाना माझ्या खिशात होता. तोंड उघडावं आणि सगळं सांगून टाकावं असं वाटलं, पण त्याच तोंडाने आत्ताच, देवीसमोर, उलटं सांगितलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते वळले नाहीत. मी पाना काढला आणि त्यांच्या समोर धरला.

"तुमची बंदूक आहे, बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच आवळा."

बाबांनी पाना घेतला. उलट्या टोपलीवर बसले, पिशवीतून बंदूक काढली, मांडीवर घेतली. बोटाने चाचपून मागच्या कडीचा स्क्रू शोधला आणि त्यात पाना बसवला. पाना फिरवला. तो फिरला नाही. फिरणारच नव्हता. त्यांनी जोर लावला, मनगटाच्या शिरा वर आल्या. इथे ते थांबू शकले असते. हात वळल्यासारखा करून "झालं" म्हणू शकले असते. मी अगदी जवळ उभी होते, मलाच फक्त कळलं असतं, आणि मी तर आधीच खोटं बोलून बसले होते.

बाहेर मात्सुझो काका कुत्र्यांच्या गळ्यात घुंगरं बांधत होते. एका कुत्रीला शिव्या देत होते, प्रेमाने, तिच्या आईसकट. बाबांनी मान त्या आवाजाकडे वळवली. दारातून उजेड येत होता. काय दिसत होतं त्यांना? दाराची चौकट दिसत असणार, बर्फ दिसत असणार, कडेची झाडं. मधला माणूस नाही.

बाबांनी पाना काढला, पुन्हा बसवला, आणि उलट्या बाजूला फिरवला. सगळा भार घालून. कट्ट असा आवाज झाला.

तो आवाज शेडमधल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वाळलेला गोंद तुटताना होतो. सैल स्क्रूचा तसा आवाज होत नाही.  बाबांनी पुढचा स्क्रू घेतला. कट्ट. त्याच्या पुढचा. लाल रंगाचे कपचे त्यांच्या विजारीवर पडत होते. कोणी मदतीला पुढे झालं नाही, कायद्याने होताही येत नव्हतं. दुर्बीण सुटली तेव्हा ते उठले, देवीच्या दगडापाशी गेले आणि ती मागच्या रविवारच्या काडतुसाशेजारी ठेवली.

"कुबोता," ते म्हणाले. "विचार."

"काय विचारू?"

"रीत आहे ना. विचार."

कुबोता-सानांनी घसा खाकरला. "काय दिसलं?"

"काही नाही दिसलं," बाबा म्हणाले. "वर्ष झालं, मधलं काही दिसत नाही मला. काहीतरी हललं, आणि मी डुक्कर समजलो. तो मात्सुझो होता. दुर्बीण पक्की होती. ही पोर माझ्यासाठी खोटं बोलली. देवीला काय राग काढायचा तो माझ्यावर काढू दे."

मात्सुझो काका दारात येऊन उभे होते. हातात घुंगरांचा पट्टा तसाच. त्यांनी गालावरच्या पट्टीला हात लावला.

"डुक्कर तर डुक्कर," ते म्हणाले. "घरी पण हेच ऐकतो." पण कोणी हसलं नाही, आणि त्यांना स्वतःलाही पुढे जमलं नाही. ते बाहेर जाऊन कुत्र्यांमध्ये खाली बर्फातच बसले. थोड्या वेळाने त्यांच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला.

त्या दिवशी हाका झाला नाही. माझं काय करायचं हा विषयही कोणी काढला नाही. माणसं एकेक करून गाड्यांकडे गेली, जाताना बाबांसमोर वाकून गेली. बाबा टोपलीवर बसून होते. उघडी बंदूक मांडीवर, तिच्यावर रिकाम्या कड्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि विजारीवरचे लाल कपचे झटकू लागले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

"किती घट्ट बसवलंस गं," बाबा म्हणाले. "मनगट गेलं माझं."

मी वर बघितलं. बाबांनी मान जराशी वळवली, माझ्या कानाकडे नजर लावली, आणि बराच वेळ तिथेच ठेवली.